पाईकचा रबर आणि खाडीतला जिताडा : पाच हिट, शून्य मासे

भाऊबीजेच्या पहाटे अडीच तासांत आम्हाला पाच हिट मिळाले, म्हणजे माशाने पाच वेळा आमिषावर झडप घातली, आणि घरी आला तो फक्त पायाला लागलेला चिखल. एखाद-दुसरा मासा सुटतोच, त्यावर कुणी लिहीत बसत नाही. पण मी तीस वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली आहेत. एका लॉटमधले पाचच्या पाच जॉब रिजेक्ट झाले तर ऑपरेटरला शिव्या देऊन भागत नाही, जॉब पकडून ठेवणारं फिक्श्चर काढून टेबलावर ठेवावं लागतं. पुढचे बारा दिवस आम्ही मामा-भाच्यांनी तेच केलं, त्याची ही हकिकत.

भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. ताईने त्याला चॉकलेटं आणायला सांगितली होती. बॅग उघडली तर वरच्या थरात चौदा रबरी मासे, चॉकलेटं त्यांच्या खाली दबलेली. सात मासे २३ सेंटिमीटरचे, सात १८ चे. मऊ प्लॅस्टिकचे, शेपटीला वल्ह्यासारखं पातं, ओढलं की पातं डावी-उजवीकडे फडफडतं आणि अंग डुलतं. शॅड म्हणतात, स्विमबेटही म्हणतात. आमच्याकडे गरीवाले सरसकट 'रबर' म्हणतात, मीही तेच म्हणणार. सोबत आठ फुटी रॉड, दीडशे ग्रॅमपर्यंतचं वजन फेकणारा, आणि एका चपट्या डबीत सगळी जोडणी तयार.

हे सामान पाईकचं. पाईक आपल्याकडे नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड, बहुतेक गोड्या पाण्यात राहणारा तो लांबोडका शिकारी. बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, पाठीचा आणि पोटाखालचा पर पार शेपटीजवळ, त्यामुळे जागच्या जागी थांबून बाणासारखा सुटतो. डच लोक त्याला स्नूक म्हणतात. भाच्याच्या घरामागून पोल्डरचा, म्हणजे पाणी उपसून केलेल्या सखल जमिनीतला, कालवा जातो, तिथे तो शनिवार-रविवारी स्नूकमागे असतो. तिथले नियम तो पाठ म्हणून दाखवतो. परवाना लागतो, जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी, १ एप्रिलपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत कृत्रिम आमिषही बंद. त्याची भूक मग सुट्टीत इकडे निघते.

मला रबराचा अनुभव होता, पण दहा-बारा सेंटिमीटरच्या. वीतभर लांबीचा, जाडजूड रबर खाडीत टाकायची कल्पना त्याची. 'मामा, मोठा रबर, मोठा मासा.' आमच्या बाजूला मोठा मासा म्हणजे जिताडा. रायगडात ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्या दारी जिताडा पोचवायची रीत आहे, यावरून त्याची पत ओळखा.

जोडणी कशी होती

हे नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण इथेच आहे.

रबराच्या नाकात तारेची एक कॉर्कस्क्रूसारखी गुंडाळी फिरवून बसवलेली. तिच्या पुढे एक कडी. त्या कडीला वरून लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि आमिष यांच्यामधला मजबूत तुकडा, आणि खालून दोन बारीक स्टीलच्या तारा, एक साधारण आठ सेंटिमीटरची, दुसरी तेराची. प्रत्येक तारेच्या टोकाला ट्रेबल, म्हणजे तीन तोंडांचा गळ. पहिल्या ट्रेबलचं एक तोंड छातीखाली टोचलेलं, दुसऱ्याचं गुदपराच्या जरा पुढे. पोटाखाली क्लिपने अडकवलेलं शिसं. कडीच्या वर तीस सेंटिमीटर स्टीलची तार.

यातली अक्कल बघा. मासा लागला की सगळा ताण कडीतून तारेवर आणि तारेतून ट्रेबलवर जातो, प्लॅस्टिकवर काहीच येत नाही. ट्रेबल रबरातून निसटतात, रबर नाकाच्या स्क्रूवर बाजूला लोंबकळतो आणि माशाला त्याच्या वजनाचा झटका देऊन गळ उपसता येत नाही. आणि ट्रेबल बरोबर मधोमध का? तर पाईक भक्ष्याला आडवा धरतो. कमरेत. वरच्या टाळूला आत वळलेले दात, खालच्या जबड्यात सुळे. एकदा आवळलं की भक्ष्य सुटत नाही. मग तो ते तोंडातल्या तोंडात फिरवून डोक्याकडून गिळतो. म्हणजे पहिल्या क्षणी त्याच्या जबड्यात रबराचा जो भाग येतो, नेमके तिथेच गळ ठेवलेले. स्टीलची तारही त्या दातांसाठीच. पन्नास पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली मुख्य दोरी, त्याच्यापुढे शिवणाच्या दोऱ्यासारखी.

मी ती जोडणी हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. ज्याने कुणी ती बेतली त्याला मासा कळला होता. पण कुठला, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर २३ चा रबर ९४ ग्रॅम भरला, जोडणीसकट ११८. सौ. नी नंतर काटा दोनदा घासला.

जागा आणि पाणी

ठाणे खाडीचा ऐरोली ते वाशी पुलादरम्यानचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. तिकडे आम्ही फिरकलोही नाही. आम्ही खाली, बेलापूरच्या पुढे पनवेल खाडीत बसतो. तिवरांमधून एक नाळ येते आणि तिच्या तोंडाशी खारबंदिस्तीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची, जुनी, मोडकी उघाडी (पाणी सोडायचं दार) आहे. ओहोटीला आतलं पाणी त्या फटीतून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी, खरबी, बोयीची पिल्लं वाहत येतात. जिताड्याला आयतं ताट. तो उघाडीच्या दगडांमागे, प्रवाहाच्या जरा बाजूला, तोंड नाळेकडे करून उभा असतो.

वेळ काढायला आम्हाला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. बीज म्हणजे दोन पाऊणे दीड, दीड वाजता भरती, सहा तासांनी साधारण साडेसात-पावणेआठला सुकती, म्हणजे ओहोटीचा शेवट. अमावस्या नुकतीच झालेली, पाणी उधाणाचं, ओढ भरपूर. शेवटचे दोन तास धरायचे म्हणून पाचलाच जाऊन बसलो.

पहिला दिवस : बीज

पहिला हिट पाच-वीसला. अंधारात नुसता 'डुब्ब' असा आवाज, कुणी पाण्यात रिकामा तांब्या उपडा मारावा तसा. भाच्याने रॉड कानापर्यंत ओढला. रबर हवेतून आमच्या मागे चिखलात. दुसरा तसाच. तिसऱ्याला दोन सेकंद वजन लागलं आणि गेलं. चौथ्याला रबर परत आला तो नाकाचा स्क्रू सुटलेला, तारेवर उलटा लोंबकळत. पाचवा मी घेतला, तोही गेला.

बाजूला दिवाळे गावचे एक काका हातदोरी घेऊन बसलेले. साठी उलटलेले, बोयीचं जिवंत पिल्लू पाठीत टोचून सोडतात, दोरी बोटावर. त्यांनी पहिल्यांदा रबर हातात घेऊन वास घेतला, मग भाच्याला विचारलं, "मसाला लावला काय याला?" तिसरा हिट गेल्यावर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जिताडा चावत नाय बाला, गिलतो. दोरी सैल सोड. गिलू दे, मंग वढ."

भाचा मला हळूच म्हणाला, "ते जिवंत आमिषाचं आहे मामा, रबर तोंडात राहत नाही, थुंकतो लगेच." त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. रबराला चव नाही, मासा तो फार वेळ धरत नाही. मी गप्प बसलो.

टेबलावर

घरी आल्यावर मी रबर धुवू दिले नाहीत. वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला, टेबललॅम्प जवळ ओढला. भाच्याला म्हटलं, तिकडे वापरलेला एखादा रबर आहे का? होते दोन. शेजारी ठेवले.

फरक आंधळ्यालाही बोटांनी कळला असता. हॉलंडच्या रबरावर कमरेत, दोन्ही अंगांना, आडव्या चिरा. तळायच्या बांगड्याला आपण देतो तशा, तीन-चार एकाशेजारी एक, काही अर्धा सेंटिमीटर खोल. एकाच्या पोटाजवळचा लचका गेलेला. डोकं आणि शेपटी कोरी करकरीत.

आमच्या रबरावर एकही चीर नाही. त्याऐवजी शेपटीकडचा अर्धा भाग मंद झालेला, चकाकी गेलेली. शंभर-एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवून घासल्यासारखा, वरून, खालून, बाजूंनी सारखाच. जिताड्याला सुळे नसतात. त्याच्या तोंडात बारीक दातांचे खरखरीत पट्टे असतात, बोट फिरवलं तर कानस लागते. म्हणजे हे रबर कुणी आडवे धरलेच नव्हते, मागून तोंडात ओढले होते.

आणि मग चौथ्या हिटचा रबर. त्याचा मागचा ट्रेबल बघितला तर जे तोंड आम्ही पोटात जेमतेम टोचलं होतं ते बाकापर्यंत आत घुसलेलं. उरलेल्या दोन तोंडांपैकी एक रबराच्या कुशीत रुतलेलं. माशाने चारी बाजूंनी दाबलं आणि आमचा गळ आमच्याच रबरात गेला. मी तो भाच्यापुढे ठेवला. तो काही बोलला नाही, फक्त उठून फोनवर जिताड्याचे पाण्याखालचे व्हिडिओ शोधायला लागला.

त्यात जे दिसतं ते काकांनी तीन शब्दांत सांगितलं होतं. जिताडा भक्ष्याजवळ येतो, तोंड आणि गालफडं एकदम फाकवतो, आत पोकळी होते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत जातं. तो 'डुब्ब' आवाज त्याचाच. एखादा रबर या लोंढ्याबरोबर आत जायला दोन गोष्टी लागतात: तो हलका हवा आणि दोरी सैल हवी. आमचा ११८ ग्रॅमचा, आणि दोरी तर ताणलेली. म्हणजे मासा ओढतोय, आम्ही धरून ठेवलंय. शेपटीकडचा अर्धा भाग आत गेला, पुढचा बाहेर, तेवढ्यात भाच्याने झटका दिला, तोंड अजून उघडं. पाईकच्या बाबतीत तो झटका बरोबर असतो, तिथे जबडा आधीच आवळलेला असतो आणि उशीर केला तर ट्रेबल घशात जातात. इथे त्याने दरवाजा उघडा असताना पाहुण्याला बाहेर खेचलं.

कारणं तीन निघाली: झटक्याची घाई, रबराचं वजन आणि जाडी, गळाची जात. भाच्याला सगळं एकदम बदलायचं होतं. मी नाही म्हटलं. सगळं एकदम बदललं आणि मासा लागला, तर कशामुळे लागला हे कळणार कसं?

दुसरा दिवस : पंचमी

जोडणी तीच, रबर तोच, फक्त हात बदलला. रबर टाकायचा, रिळाची दोन-तीन वळणं ओढायचा, थांबायचं. थांबताना रॉडचं टोक रबराच्या दिशेला झुकवून दोरीला जरासा झोल द्यायचा. 'डुब्ब' झालं की मनात 'एक' म्हणायचं आणि मग वळणं घेत घेत, रॉड आडवा ओढून वजन घ्यायचं. सांगायला सोपं आहे. भाच्याचा हात चार वर्षं पाईकवर तयार झालेला, त्याला ते 'एक' म्हणणं उपासासारखं जड गेलं.

पाच पाऊणे पावणेचार, म्हणून सुकती दहाच्या सुमारास. आठ ते दहा बसलो. चार हिट. दोन नुसते गेले. तिसऱ्याला वजन लागलं, मासा दगडाकडे पळाला आणि सुटला. चौथा मात्र लागला. वीस सेकंद होता. पाण्याबाहेर उडी मारली, डोकं झटकलं, सोनेरी-रुपेरी अंग उन्हात लखलखलं, आणि दोरी ढिली.

ट्रेबलचं एक तोंड सरळ झालेलं. सुईसारखं नव्हे, पण गळ म्हणायची लाज वाटावी इतपत. त्या ट्रेबलची तार पाईकपुरती ठीक असते. पाईकचा जोर पहिल्या धावेत, नंतर तो लाकडासारखा येतो. जिताडा शेवटपर्यंत डोकं झटकतो, आणि ट्रेबलचं एकच तोंड लागलेलं असेल तर उरलेली दोन तरफेचं काम करतात. शिवाय दोनच फेऱ्यांत गळांवर तांबेरा धरायला लागला होता. गोड्या पाण्यासाठी काळा मुलामा दिलेले गळ खाऱ्या पाण्यात असेच जातात, त्याचं नवल नाही.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी हाताला लागल्या. तीस सेंटिमीटर स्टीलच्या वरची ब्रेड हातभर लांब केसाळ झालेली. उघाडीच्या दगडांवर कालवं आहेत, आणि जिताड्याच्या गालफडाची कड वस्तऱ्यासारखी असते. दोन्हींपासून वाचवायला लीडर कडक असून भागत नाही, लांब लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे नाकाचा स्क्रू पुन्हा सुटला. भाचा म्हणे तिकडे एक स्क्रू महिनाभर टिकतो. पण तिकडे पाणी सहा-आठ अंशांचं. थंडीत शेपटी हलावी म्हणून हे प्लॅस्टिक मुद्दाम मऊ ओततात. आमच्या कोमट खाडीत, त्यातही गाडीच्या डिकीत दोन तास तापल्यावर, ते आंबवलेल्या कणकेसारखं होतं. स्क्रूची धार त्यात पकडच घेत नाही.

तरी शून्यावरून एकावर आलो होतो, निदान वीस सेकंदांसाठी. म्हणजे काकांचं अर्धं बरोबर ठरलं. उरलेलं अर्धं लोखंडाचं होतं.

नवी जोडणी

अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढउताराच्या, पाण्यात ओढ नसते, तेव्हा ते तीन-चार दिवस मी गॅलरीतच घालवले.

२३ चा रबर बाजूला ठेवला, १८ चा घेतला. त्याचं वजन ४८ ग्रॅम. काहींच्या शेपट्या प्रवासात दुमडून वाकड्या झाल्या होत्या. वाकडी शेपटी असली की रबर एका अंगावर कलंडतो. पातेल्यात कडकडीत पाणी घेऊन शेपटी अर्धा मिनिट बुडवायची, बाहेर काढून सरळ लोंबती ठेवायची, गार पाणी ओतायचं. प्लॅस्टिक मूळ आकार धरतं. पातेलं आता माझ्या मालकीचं आहे, स्वयंपाकघरात परत घेतलं गेलं नाही.

ट्रेबलच्या जागी एकच मोठा गळ, ८/० चा, जाड तारेचा, कथिलाचा मुलामा असलेला. पुढे नाकासाठी गुंडाळी, दांड्यावर पोटाशी येईल असं पंधरा ग्रॅमचं शिसं. हा गळ पोटातून आत शिरून पाठीवर बाहेर निघतो. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि पहिल्या रबरावर माझंही चुकलं. रबर जाड असला की गळाच्या बाकातली सगळी पोकळी प्लॅस्टिकनेच भरून जाते. टोक वर दिसतं, पण ते नावालाच. मासा दाबतो, प्लॅस्टिक टोकापर्यंत फुगून येतं, गळ शिरायला जागाच उरत नाही. चौथ्या रबराचीच गोष्ट, फक्त वेगळ्या गळाने.

म्हणून पोटाला ब्लेडने पाच सेंटिमीटर लांब चीर दिली, उभी, मधल्या रेषेवर, अर्ध्या जाडीपर्यंत. दांडा त्या चिरेत वर सरकतो आणि टोक पाठीच्या वर आठ-दहा मिलिमीटर उभं राहतं. शिवाय चीर दिलेला रबर दाबला की दोन पाकळ्यांसारखा मिटतो. मी तो मुठीत दाबून बघायचो. तळहाताला टोक टोचलं तर पास. टोचलं नाही तर चीर आणखी खोल. भाच्याने हे तपासायला स्वतःचा तळहात दिला नाही.

नाकासाठी उपाय साधा. गुंडाळी बसवण्याआधी तिच्या वळणांत फेविक्विकचे दोन थेंब, फिरवून आत, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. गोंद प्लॅस्टिकला चांगला धरतो. रबर बदलायचा झाला तर गुंडाळी तापवून काढावी लागते, तेवढा त्रास.

लीडर म्हणून स्टील काढून ऐंशी पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी, सव्वा मीटर. जिताड्याला कापणारे दात नाहीत, पण खरखरीत ओठ तासभर घासले तर पातळ दोरी जाते, म्हणून जाडी हवी. रबराला घट्ट गाठ न मारता लूप ठेवला, म्हणजे नाक मोकळं डुलतं.

शेवटी गच्चीवरचा निळा ड्रम. त्यात रबर पोहताना दिसत नाही, पण बुडताना दिसतो आणि तेच मला हवं होतं. जुन्या जोडणीचा रबर नाकावर उभा, सुळ्ळकन तळाला. नवा आडवा, पोट खाली, जरासा थरथरत उतरला. थांबून सैल सोडायचं असेल तर रबर थांबल्यावरही मासा दिसला पाहिजे. दगडासारखा बुडणारा रबर सैल सोडून उपयोग काय? शिसं दोनदा मागे-पुढे केलं तेव्हा तो आडवा आला. चार मिलिमीटरचा फरक पुरला.

इथे एक कबुली. मी एक बदल एका वेळी म्हणत होतो, आणि या खेपेला गळ, रबराची लांबी, वजन आणि लीडर असं सगळं बदललं. भाच्याची परतीची तिकिटं पौर्णिमेनंतर तीन दिवसांची होती. टूलरूममध्ये असं केलं असतं तर मीच ओरडलो असतो. तेव्हा पुढच्या निकालाचं श्रेय नेमकं गळाला किती आणि १८ च्या रबराला किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. माझा कौल गळ आणि चीर यांना आहे, तो घासलेल्या रबरांवरून.

तिसरा दिवस : त्रिपुरी पौर्णिमा

भरती अकरा-साडेअकराची, सुकती संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. चारला पोचलो. काका आधीच होते. नवा रबर त्यांनी पुन्हा हातात घेतला, पाठीवरच्या टोकावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. ती बरी की वाईट ते समजलं नाही.

पहिला हिट पावणेपाचला, भाच्याचा. डुब्ब, आणि त्याने सवयीने रॉड कानापर्यंत नेला. रबर परत. त्याने स्वतःलाच डच भाषेत काहीतरी ऐकवलं.

दुसरा माझा. झोल होता. डुब्ब झालं, दोरी स्वतःच बाजूला सरकायला लागली, तेव्हा वळणं घेतली. लागला. दोन उड्या, दगडाकडे एक धाव, रिळाचा ड्रॅग (ताण वाढला की दोरी सोडणारा ब्रेक) किरकिरला, लीडर कालवांवर घासल्याचं हाताला कळलं, पण टिकला. जाळीत आला तेव्हा रबर पूर्ण तोंडात, बाहेर फक्त लीडर. गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात, हाडाच्या मागे. काट्यावर २.८ किलो. आनंदाच्या भरात मी त्याला गालफडाशी धरला आणि मधलं बोट कापून घेतलं. चांगलंच कापलं. काका म्हणाले, "गालाशी धरतात काय त्याला?" आणि बिडीची राख लावायला निघाले. मी खिशातली पट्टी काढली.

तिसरा भाच्याचा, साडेपाचला, पाणी जवळजवळ थांबलेलं, समोर तिवरांमागून चंद्र वर येत होता. या खेपेला तो मोठ्याने 'एक' म्हणाला. दीड किलोचा. त्याच जागी गळ, त्याच कोपऱ्यात.

मोठा सोडायचा की न्यायचा यावर वाद झाला. भाच्याचं म्हणणं, जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणून मोठे सोडावेत, त्या माद्या. वाचलेलं बरोबर होतं. पण पावणेतीन किलोचा मासा अजून नरच असतो बहुधा, मादी व्हायला आणखी बराच वाढावा लागतो. मग त्याने लहान सोडला, कारण तो त्याचा होता. काकांनी पाण्यात जाणाऱ्या त्या माशाकडे आणि मग भाच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने नोटा फेकल्या. मोठ्याचं चिंचेचं कालवण झालं, डोकं काकांकडे पाठवलं.

भाच्याने जाताना माझ्या जोडणीचे तीन रबर नेले. डिसेंबरात त्याचा फोटो आला. पोल्डरच्या कालव्यावर, बर्फाळ गवतावर ठेवलेला १८ चा रबर, पोटाला माझी चीर, पाठीवर माझा गळ, नाक फेविक्विकने घट्ट. चार हिट, तीन मिस, असं त्याने लिहिलं होतं. फोटो मोठा करून बघितला. गळाच्या मागे, बरोबर कमरेत, बांगड्याला देतात तशा चार आडव्या चिरा, आणि त्यांच्यापासून गळाचं टोक चांगलं तीन बोटं दूर. खाली एकच ओळ होती: 'मामा, हा चावतो.'